आकुझाटीफचा गठ्ठा

१

बुधवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी गुणाचीनं पुरवणीच्या कपाटातला तिसरा खण ओढला आणि ती नुसती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "माझा गठ्ठा कुठंय?"

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते खरंखरं सांगते. मनात आलं, बरं झालं! मेलीचं तोंड एकदा तरी उतरलेलं बघायला मिळालं. दुसऱ्या क्षणी माझी मलाच लाज वाटली, पण क्रम हा असा होता.

गुणाची हे काही तिचं खरं नाव नव्हे. आठ महिन्यांपूर्वी ती आमच्या कोश कार्यालयात आली आणि आल्या दिवसापासून जो तो म्हणायला लागला, "किती गुणाची मुलगी!" अक्षर मोत्यासारखं, ग्रीक येतं, लॅटिन येतं, वर तोंडात साखर. मी तिथं बावीस वर्षं घासतेय. मला कुणी गुणाची म्हटल्याचं आठवत नाही. म्हणून मनात आणि घरी मी तिचं नावच ते ठेवलं.

आमच्या कार्यालयात जर्मन व्याकरणातल्या शब्दांचा व्युत्पत्तिकोश तयार होतो. शब्द कुठून आला, आधी कुणी वापरला, वाटेत त्याचं काय काय झालं, याचा एकेक पुरावा एकेका चिठ्ठीवर लिहायचा. एका शब्दाच्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा, आणि गठ्ठा आपल्या खणात. पहिला खंड छापून एकवीस वर्षं झाली. त्यातल्या चुका सुधारायला आता पुरवणी निघतेय. गुणाचीचा गठ्ठा होता 'आकुझाटीफ' या शब्दाचा, म्हणजे आपली कर्माची विभक्ती. सुतार दार घडवतो, त्यातल्या दाराची.

शुक्रवारी समितीपुढं ती हा शब्द मांडणार होती. पसंत पडला तर सहसंपादकाची खुर्ची तिची. त्या खुर्चीकडे मी अकरा वर्षं डोळे लावून बसले होते.

संपादक आपल्या खोलीतून आले. खणाच्या तोंडाशी नोंदीचं कार्ड असतं. जो खण उघडेल त्यानं तिथं वेळ घालून सही करायची, हा आमचा नियम. संपादकांनी चष्मा कपाळावर चढवला, कार्ड डोळ्यांजवळ नेलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

शेवटची सही माझी होती. मंगळवार, दुपारी एक वीस.

२

होय, मी उघडला होता खण. सगळे जेवायला गेले होते. म्हटलं बघू तरी, एवढं काय शोधून काढलंय बयेनं. एकेचाळीस चिठ्ठ्या होत्या. उभ्या उभ्या सगळ्या वाचल्या आणि अंगाचा तिळपापड झाला, कारण काम चोख होतं. गठ्ठा होता तसा परत ठेवला. चोरून वाचायला गेले आणि बावीस वर्षांच्या सवयीनं कार्डावर सही ठोकून आले! माझ्यासारखी शहाणी शोधून सापडायची नाही.

"मी वाचला आणि परत ठेवला," मी म्हटलं.

"कशासाठी वाचलात?" संपादकांनी विचारलं.

काय सांगणार? जळत होते म्हणून वाचला, असं सांगू? सगळ्या कार्यालयाला माहीत होतं. माझी जीभ काही झाकून राहणारी नाही.

संपादक माणूस वाईट नव्हेत. त्यांनी मला आत बोलावलं, दार लावलं आणि टेबलावरच्या टाचण्या उगीच सरळ करत म्हणाले, "शुक्रवारी अकराला समिती बसतेय. तोपर्यंत गठ्ठा जागेवर आला, तर मी एक शब्द विचारणार नाही. नाही आला, तर तुम्ही स्वतःच राजीनामा द्या. तुम्हाला काढायची वेळ माझ्यावर आणू नका."

बाहेर आले तर आमचे हे कपाटाशी उभे. हो, आमचे हे त्याच कार्यालयात आहेत. ते खणवाले. दोनशे बारा खण, त्यांच्या किल्ल्या, त्यांची पुसापुशी, निघालेला गठ्ठा परत जागेवर लावणं, हे सगळं सव्वीस वर्षं त्यांच्याकडे. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खाली पाहिलं.

"मी नाही घेतला हो," मी म्हटलं.

"हं," ते म्हणाले.

आमच्या ह्यांच्याकडे एकच उत्तर असतं. सुखात हं, दुःखात हं. पण त्या दिवशीचं 'हं' मला लागलं. नवऱ्याचाही माझ्यावर विश्वास नाही?

३

घरी गेले तर वन्सं सोफ्यावर. कुठल्याही संकटात आधी वन्सं हजर असतात, हा आमच्या घरचा नियम. यावेळी आठवडाभर दातांच्या डॉक्टरकडे जायला म्हणून आल्या होत्या.

माझी नणंद. ह्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली म्हणून तिनंच ह्यांना वाढवलं. छप्पन्न वर्षांच्या माणसाला ती अजून 'बाळ' म्हणते, आणि छप्पन्न वर्षांचा माणूस तिच्यापुढं खरंच बाळ होतो. माझ्यापाशी एक अक्षर बोलत नाहीत, आणि ताई आली की शाळेतल्या गोष्टी निघतात. मला हे बघवत नाही. वीस वर्षं झाली, अजून बघवत नाही.

वन्संची सगळी नोकरी बसस्थानकात 'हरवले-सापडले'च्या खिडकीवर गेली. बत्तीस वर्षं छत्र्या, चष्मे, डबे, एकदा तर कुणाचा लाकडी पाय. नुसती वस्तू बघून मालक कसा असेल ते त्या सांगत, आणि मालक बघून वस्तू कुठं विसरला असेल ते. सतरा वर्षांपूर्वी आमच्या संपादकांनी एका अख्ख्या प्रकरणाचं हस्तलिखित बसमध्ये सोडलं होतं. ते वन्संनीच शोधून दिलं. तेव्हापासून संपादक त्यांना उठून नमस्कार करतात. मला बसल्या बसल्यासुद्धा करत नाहीत.

जेवताना मी सगळं सांगितलं. सांगितलं कसलं, ओकले. गुणाची अशी, गुणाची तशी, तिची खुर्ची, तिचा शब्द, माझ्यावर आळ. शेवटी म्हटलं, "गेला तो गठ्ठा ते बरंच झालं. परत न मिळो!"

ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि उठून गेले.

वन्सं ताटाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "बाळनं ताटात कधी टाकलेलं नाही."

"माझ्यामुळं मान खाली गेली ना त्यांची!"

"असेल," वन्सं म्हणाल्या. "उद्या मी येते तुझ्या कचेरीत."

"तुम्ही कशाला? माझं मी बघेन."

"अगं बाई, तुझं तू बघितलंस म्हणून तर कार्डावर सही आलीय."

खाल्ल्या अन्नाची शपथ, त्या क्षणी मला नोकरी गेली तरी चालणार होती, पण ती वन्संमुळं वाचायला नको होती.

४

गुरुवारी संपादकांनी वन्संना उठून नमस्कार केला, स्वतः खुर्ची ओढून दिली आणि काय विचारायचं ते विचारा म्हणाले. मी दाराशी उभी.

"या मुलीचा शब्द छापला असता, तर कुणाचं नुकसान होतं?" वन्संनी विचारलं.

"सरळच सांगा ना, माझं," संपादक हसले. "पहिल्या खंडात मी लिहिलंय की आकुझाटीफ म्हणजे आरोप करणारी विभक्ती. लॅटिनमध्ये 'आरोप करणं' असं क्रियापद आहे, त्यावरून. आता ही मुलगी दाखवतेय की मी वरवर बघितलं. पण बाई, माझ्या त्या एका खंडात एकशे नव्वद चुका निघाल्यात. कुणाकुणाचे गठ्ठे पळवू?"

"मग पुरवणी काढायला कोण म्हणालं?"

"मीच. मरायच्या आधी दुरुस्त करावं म्हटलं."

वन्संनी मान हलवली. मग गुणाचीकडे गेल्या. तिचे डोळे सुजलेले होते. तसंही ती गोडच दिसत होती, काही लोकांचं नशीबच असं असतं.

"तुझ्या चिठ्ठ्यांत होतं तरी काय, मला समजेल असं सांग," वन्सं म्हणाल्या.

गुणाची सरसावून बसली. "जर्मनांनी शब्द घेतला रोमनांकडून, आणि रोमनांनी भाषांतर केलं ग्रीकांच्या शब्दाचं. ग्रीक शब्दाच्या मुळाशी जो शब्द आहे, त्याचे दोन अर्थ होते. एक, कारण. दुसरा, दोष. ग्रीकांना बहुधा म्हणायचं होतं, 'जे कशामुळं तरी घडलं त्याची विभक्ती'. सुतारामुळं दार घडलं. भाषांतर करणाऱ्यानं दुसरा अर्थ उचलला, आणि कारणाचा आरोप झाला. पुढं सगळ्यांनी तोच गिरवला. काही जुन्या जर्मन व्याकरणांत तर सरळ 'फिर्यादीची विभक्ती' म्हटलंय."

"म्हणजे दोन हजार वर्षं बिचाऱ्या दारावर खटला चाललाय," वन्सं म्हणाल्या.

गुणाची खुदकन हसली. मलाही हसू आलं होतं, पण मी ते गिळलं.

"तुझ्याकडे याची दुसरी प्रत आहे?"

"नाही ना. आणि गंमत म्हणजे काल काकांनीही मला हेच विचारलं."

"कुठले काका?"

गुणाचीनं आमच्या ह्यांच्या टेबलाकडे बोट केलं. "काल चार वाजता, जिन्यात. म्हणाले, दुसरी प्रत असेल तर बरं होईल. मी नाही म्हटलं, तर त्यांचे डोळेच भरून आले. फार मायाळू आहेत काका."

मायाळू! वीस वर्षांत माझ्यासाठी ह्यांचे डोळे भरल्याचं मी पाहिलेलं नाही. दाताचं दुखणं सोडून. आणि हिच्यासाठी जिन्यात भरून येतात?

गठ्ठा, खुर्ची, राजीनामा, सगळं क्षणभर विसरले. एकच विचार डोक्यात घुमायला लागला, की ह्यांचं आणि हिचं काय आहे?

५

मी तडक वन्संना बाहेरच्या व्हरांड्यात ओढलं आणि तोंडाला येईल ते बोलले. वन्संनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "झालं? आता मला तो खण दाखव."

खणात एकेचाळीस चिठ्ठ्यांएवढी जागा रिकामी होती आणि त्या जागी एक जाड पिवळी पट्टी उभी होती.

"हे काय?"

"राखणपट्टी," मी म्हटलं. "गठ्ठा बाहेर काढला की शेजारचे गठ्ठे कलंडतात. म्हणून तिथं ही पट्टी लावायची आणि वर लिहायचं, गठ्ठा कुणी नेला."

"हिच्यावर काही लिहिलेलं नाही."

"कोरी असेल एखादी, त्यात काय."

"कोण लावतं या पट्ट्या? तू लावतेस?"

मी तोंड वाकडं केलं. "आम्ही कुणीच नाही लावत. नियम आहे, पण कामाच्या भरात कोण लावणार? संपादक तर खण उघडे टाकूनच जातात. पाच वाजता आमचे हे फिरतात आणि सगळ्यांच्या पट्ट्या लावतात, खणवाल्याला कार्डावर सही करावी लागत नाही. कुणी काय नेलं ते विचारून लिहितात."

"आणि कुणी काय नेलं ते कळलं नाही तर?"

मला जुनं आठवलं. "मग काही विचारू नका! एरवी 'हं'च्या पुढं न जाणारा माणूस, पण बेवारस रिकामी जागा दिसली की अख्खी इमारत डोक्यावर घेतात. तीन वर्षांपूर्वी एक गठ्ठा असाच दिसेना, तर ह्यांनी संपादकांना दारात अडवलं होतं. त्यांची बॅग उलटी केली. बॅगेतच निघाला. कुणालाही घरी जाऊ दिलं नव्हतं त्या दिवशी."

वन्संनी खण हळूच आत सारला. त्यांचा चेहरा मला नीट वाचता येईना. बत्तीस वर्षं खिडकीच्या मागं बसलेल्या बाईचा चेहरा तो.

"मंगळवारी संपादक कधी निघाले?"

"सकाळीच छापखान्यात गेले ते परत आलेच नाहीत. गुणाची चारला गेली. पाचला आम्ही दोघं. मी बाकावर बसून ह्यांची वाट बघत होते."

"गठ्ठा बुधवारी नऊला नव्हता. पट्टी मात्र होती, आणि पट्ट्या लागतात पाच वाजता. म्हणजे मंगळवारी पाच वाजता बाळ या रिकाम्या जागेसमोर उभा होता." वन्संनी माझ्या दंडाला धरलं. "आता आठवून सांग. मंगळवारी संध्याकाळी बाळ ओरडला का?"

मी आठवून पाहिलं. आठवायचं तरी काय त्यात? आम्ही दोघं शांतपणे जिना उतरलो होतो. ह्यांनी माझी पिशवी धरली होती.

"नाही," मी म्हटलं.

६

संध्याकाळी ताटं वाढली, पण कुणी हात घातला नाही. वन्सं ह्यांच्या समोर बसल्या.

"बाळ, लोक समजतात चोर वस्तू अनोळखी जागी लपवतो," त्या म्हणाल्या. "तसं नसतं. माणसाचा हात रोज जिथं जातो तिथंच जातो. ही तुझी बायको चोरून वाचायला गेली, तरी हातानं सही केली. गठ्ठा नेणाऱ्यानं नेला, पण शेजारचे कलंडू नयेत म्हणून पट्टी लावली. या कचेरीत पट्टी लावणारा हात एकच आहे. पट्टीवर स्वतःचं नाव लिहायला त्याला धीर झाला नाही, आणि खोटं नाव त्याला लिहिता येईना."

ह्यांनी मान खाली घातली.

"तू तो फाडलेला नाहीस. तुला चिठ्ठी फाडवणार नाही. घरी आणलेला नाहीस, कार्यालयाची टाचणीसुद्धा तू कधी घरी आणली नाहीस. मग कुठं ठेवलास, तेवढं मात्र मला समजत नाही. मला तुमच्या कपाटांची माहिती नाही."

पण मला होती. मला एकदम समजलं. "बंद कपाट," मी म्हटलं. "पहिल्या खंडाचं. छापून झालेल्या शब्दांचे जुने गठ्ठे तिथं आहेत. किल्ली फक्त ह्यांच्याकडे. ह्यांच्याशिवाय ते एकवीस वर्षांत कुणी उघडलं नाही. तिथं जुना आकुझाटीफ आहे, त्याच्याच शेजारी ठेवलात ना? त्याच्या जागेवर?"

"हं," ते म्हणाले. आणि मग आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याशी सलग बोलले.

"तिथं तुझी चिठ्ठी आहे. चौदा वर्षांपूर्वीची. तू लिहिलं होतंस, 'आरोप की कारण? मूळ ग्रीक पाहावं.' संपादक तेव्हा घाईत होते. म्हणाले, खंड छापून झालाय, टाका बंद कपाटात. तू काही बोलली नाहीस. मी नेऊन ठेवली. तू विसरलीस. मी दर वर्षी कपाट पुसताना बघायचो."

मी खरंच विसरले होते. पार विसरले होते!

"गेले आठ महिने रोज जेवताना तू तिचंच सांगतेस. ती पुढं गेली, तुझं काही उरलं नाही. मंगळवारी वाटेत म्हणालीस, शुक्रवारी मेल्यासारखं होईल मला. नाही, ते नंतर. आधी दुपारी, तू खण उघडून वाचत होतीस तेव्हा मी मागं होतो. तुझा चेहरा बघितला. आधी तुला सुचलेलं, आणि नाव तिचं लागणार. मला सहन झालं नाही. शुक्रवार टळला की परत ठेवणार होतो. आळ तुझ्यावर येईल हे डोक्यातच आलं नाही. आला तेव्हा तिला जिन्यात दुसरी प्रत विचारली, ती असती तर मिटलं असतं."

"मग बुधवारीच का नाही सांगितलंत?"

"सांगणारच होतो. जेवताना. तर तू म्हणालीस, परत न मिळो."

वन्संनी पदराच्या टोकानं चष्मा पुसला. बराच वेळ पुसत राहिल्या. स्वतःच्या हातानं वाढवलेल्या पोराला त्यांनीच पकडलं होतं, आणि तेही माझ्यासाठी. त्यांच्यावर जळायला मला त्या वेळी काही सापडेना.

"उद्या सकाळी लवकर जाऊन गठ्ठा जागेवर ठेवा," त्या शेवटी म्हणाल्या. "संपादक शब्दाचे पक्के आहेत. काही विचारणार नाहीत."

"नाही विचारणार," मी म्हटलं. "पण मीच चोरला आणि भिऊन परत ठेवला, हे मरेपर्यंत सगळे धरून चालतील."

"मग मी सांगतो," हे म्हणाले.

"तुमच्या किल्ल्या काढून घेतील."

"हं."

दोन वर्षांवर त्यांची निवृत्ती होती. किल्ल्या गेल्या, तर त्या माणसाकडे दुसरं होतं तरी काय? त्यांचं नाव वाचवायचं की माझं, हे ठरवत मी बसले, आणि तिघांचंही जेवण तसंच गार झालं.

७

शुक्रवारी पावणेअकराला आम्ही बंद कपाट उघडलं. जुन्या आकुझाटीफला लागून गुणाचीच्या एकेचाळीस चिठ्ठ्या, एकही कोपरा न दुमडलेल्या. जुन्या गठ्ठ्यात सर्वांत मागं माझी चिठ्ठी. शाई फिकट झालेली, अक्षर तरुण. एक ओळ आणि एक प्रश्नचिन्ह.

चौदा वर्षं मी त्या प्रश्नापुढं एक पाऊल टाकलं नव्हतं. संपादक 'टाका' म्हणाले आणि मी टाकला. गुणाचीला कुणी विचारलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं, तिनं एकेचाळीस पुरावे गोळा केले. हे कळायला मला तो फिकट कागद हातात धरावा लागला. शब्द तिचाच होता.

अकराला समिती बसली. तिघं जण, संपादक आणि आम्ही. मी गठ्ठा टेबलावर ठेवला. रात्रीच ठरवलं होतं मी. ह्यांना विचारलं नव्हतं.

"गठ्ठा," मी सुरुवात केली, "मंगळवारी मी..."

"मी काढला," हे मागून म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. "तिला माहीत नव्हतं. किल्ल्या या घ्या."

आणि त्यांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. संपादकांनी त्या किल्ल्यांकडे पाहिलं. मग विचारलं, "तुम्ही? कशासाठी?"

उत्तर मी दिलं. "माझ्यासाठी. मी आठ महिने रोज घरी जाऊन हिच्या नावानं खडे फोडले. दोष त्यांचा आहे, त्यांनी तो कबूल केलाय. पण कारण मी आहे. त्यांच्याबद्दल लिहाल तिथं हेही लिहा."

समितीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थानं खाकरून पाणी मागितलं.

ह्यांना मुदतीआधी निवृत्त करण्यात आलं. संपादकांनी त्यांच्यासाठी खूप रदबदली केली, पण समितीचं म्हणणं होतं की कपाटाचा राखणदारच गठ्ठे हलवायला लागला, तर कोशावर विश्वास कोण ठेवणार? म्हणणं बरोबर होतं. माझी नोकरी राहिली. खुर्ची गुणाचीला मिळाली. तिनं शब्द मांडला तेव्हा समितीनं एक शंकासुद्धा काढली नाही.

त्याच दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. हातात माझी चिठ्ठी.

"ताई, ही मला आधी मिळाली असती, तर माझे चार महिने वाचले असते," ती म्हणाली. "मी नोंदीत सुरुवातीलाच घालतेय. 'प्रथम शंका', आणि पुढं तुमचं नाव. चालेल ना?"

एवढं मोठं मन असायची काय गरज होती तिला? जरा ओरडली असती, जरा टोचून बोलली असती, तर मलाही सोपं गेलं असतं. मी "चालेल" म्हटलं, तेही नीट नाही. ती गेल्यावर स्वच्छतागृहात जाऊन मनसोक्त रडले. तिच्यावर जळून रडले, हेही सांगून टाकते.

आता सोमवारपासून मी एकटीच कार्यालयात जाते. वन्सं त्यांच्या घरी गेल्या. जाताना ह्यांना जवळ घेतलं आणि मलाही घेतलं. हे दिवसभर घरी असतात, भांड्यांची कपाटं पुसतात, डबे उंचीप्रमाणं लावतात. पाच वाजले की खिडकीशी येऊन उभे राहतात. मला कोपऱ्यावरून दिसतं.

काल जेवायला बसलो. गुणाचीला खिडकीजवळचं टेबल मिळालंय. नवा दिवा मिळालाय. संपादकांनी सगळ्यांसमोर तिच्या अक्षराचं कौतुक केलं, आणि मी बाजूलाच उभी होते. दिवसभर हे सगळं माझ्या छातीत खदखदत होतं.

ह्यांनी घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "काय म्हणते गुणाची?" त्यांनी विचारलं. आपण होऊन विचारलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. वीस वर्षं वाटत होतं, हा माणूस ऐकत नाही.

"काही नाही," मी म्हटलं. "जेवा तुम्ही."